पत्रागल्लीतलं काचघर

मी गल्लीत शिरलो की आजही कुणीतरी पत्र्यावर उगीच हातोडी आपटतं. कामाचा ठोका आणि उगीचचा ठोका यांतला फरक मला कळतो, आणि तो मला कळतो हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणून तर आपटतात. शिवी द्यायची गरज पडत नाही.

मी याच गल्लीत वाढलो. शहागंजच्या मागं, भाजीच्या गाड्यांमधून वाट काढत आत वळलं की पत्र्याची दुकानं लागतात. पेट्या, धान्याच्या कोठ्या, पाण्याच्या टाक्या, आणि होळीच्या आधीपासून कूलर. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही म्हणून टाक्या खपतात, आणि ऊन कधी येईल ते सांगावं लागत नाही म्हणून कूलर. वडिलांचं दुकान गल्लीच्या मध्यावर होतं. ते गेल्यावर मोठ्या भावानं, दादानं, ते चालवलं. मी इंजिनिअर झालो, वाळूजच्या कंपनीत डाय डिझाइनला लागलो, सिडकोत फ्लॅट घेतला, आणि गल्लीत फक्त दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येणारा माणूस झालो.

आमच्या गल्लीत एक कूलर एका दुकानात कधीच बनत नाही. एकजण पत्रा कापतो, दुसरा भोकं पाडतो. समोरच्या दुकानातले चाचा कड मोडतात, म्हणजे पत्रा वाकवून दुमडतात, कारण मोडायचं मशीन त्यांच्याकडं. मग तो सांगाडा दादाकडं येतो, दादा रिव्हेट मारून उभा करतो. पुढं रंग. शेवटी जाळ्या चाचांच्या माडीवर जायच्या. तिथं त्यांची थोरली बहीण, जिला सगळी गल्ली आपा म्हणायची, ती त्यांत लाकडाच्या किसाची कुरळी घास भरायची. हे सगळं रस्त्यावरच चालतं. सायकलवाला घंटी वाजवतो, कुणी हलत नाही.

आणि दुसरी एक रीत. गल्लीतून मयत जात असेल, कुणाचीही, तर हातोड्या थांबतात. नुसत्या थांबत नाहीत, हातातलं खाली ठेवायचं. रिकाम्या हातानं उभं राहायचं. दोन-चार पावलं खांदा द्यायचा असेल तर द्यायचा. मयत दिसायच्या आधीच कळते, कारण गल्लीच्या टोकापासून ठोके बंद होत येतात. एकेका दुकानातला आवाज विझतो आणि ती शांतता चालत आपल्या दारापर्यंत येते. वडिलांनी मला हातोडी धरायला शिकवली त्याच्याही आधी ती खाली ठेवायला शिकवली होती.

कंपनीनं मला वेळेआधी निवृत्त केलं त्या सुमाराला एक संस्था माझ्याकडं आली. जुन्या शहराच्या मध्यभागात पुन्हा जीव आणायचा, अशी त्यांची भाषा होती. गल्लीच्या तोंडाशी सरकीचं एक जुनं गोदाम पडून होतं. तिथं सामाईक कारखाना काढायचा. संगणकावर डिझाइन, मोठं पंचिंग मशीन, बसायला बाकं, शिकायला येणारी मुलं-मुली. कारागीर आणि डिझाइनवाले एका टेबलाशी. मला प्रमुख केलं, कारण मी ‘तिथलाच’ होतो. मला ते खरं वाटलं. गल्ली मरत होती, हेही खरं होतं. प्लास्टिकचे तयार कूलर जालना रोडवर रांगेनं लागले होते, आणि पत्र्याच्या दुकानांच्या जागी एकेक करून मोबाइलच्या कव्हरांची दुकानं येत होती.

पहिली बैठक गोदामातच झाली. भिंतीवर चित्रं दाखवली. चित्रात आमची गल्ली झाडून स्वच्छ होती, कुंड्या होत्या, कॉफी पिणारी माणसं होती.

“जीव आणायचा म्हणता,” दादा मागून म्हणाला, “पण मेलंय कोण? आम्ही इथंच बसलोय.”

लोक हसले. मी समजावायला उठलो. कापणं, भोकं, मोडणं, सगळं एका ठिकाणी होईल, काम पटापट होईल.

चाचांनी विचारलं, “सब एकीच छत के नीचे?”

“हौ चाचा.”

“तो फिर हम किधर? छत के ऊपर?”

या वेळी हसू जास्त मोठं होतं, आणि ते माझ्यावर होतं. मला राग आला. त्या दिवसापासून मी त्यांना अडाणी म्हणायला लागलो, तोंडानं नाही, मनात. आणि ते मला ‘इंजिनेर साब’ म्हणायला लागले, तोंडानं. त्यांच्यापैकी कुणी येईना, तेव्हा मी म्हटलं, बघू किती दिवस येत नाहीत.

मी गोदामाचा दर्शनी भाग काचेचा केला. गल्लीची धूळ संगणकांना नको, आणि ठोक्यांत पाहुण्यांना बोललेलं ऐकू येईना. काच गडद होती, आतून बाहेरचं दिसायचं, बाहेरून आत बघणाऱ्याला त्याचंच तोंड दिसायचं. मशीनची गरम हवा बाहेर काढायला मात्र वर जाळीचे झरोके ठेवले, आणि ते गल्लीकडं उघडत होते. म्हणजे त्यांचा आवाज आम्हाला बंद आणि आमचा त्यांना चालू. डिझाइन माझंच. ही गोष्ट मला नकाशावर दिसली नाही, असं मी अजून स्वतःला सांगतो. गल्लीनं कारखान्याला नाव ठेवलं, काचघर.

“काचघरात बसून पत्रा ठोकतात म्हणे,” दादा गिऱ्हाइकाला सांगायचा, मी ऐकेन इतक्या मोठ्यानं. “आमचा धाकटा आहे आत. थंडगार राहतो. भाजीसारखा.”

मीही कमी नव्हतो. त्याच्या दुकानासमोर रस्त्यावर पसरलेल्या पत्र्यांचे फोटो काढून मी संस्थेला पाठवले, अडचण म्हणून. पुढं त्या फोटोंवरून महानगरपालिकेची गाडी आली आणि रस्त्यावरचा माल उचलून नेला. मी गाडी बोलावली नव्हती. पण फोटो माझे होते, आणि दादाला ते माहीत होतं. त्यानंतर तो माझ्याशी तिसऱ्याच माणसाकडं बघून बोलायचा. “सांगा त्याला, आमचा माल रस्त्यावर येतो, त्याच्यासारखा काचेत मावत नाही.”

मग तो दिवस आला. मोठे पाहुणे यायचे होते. त्यांनी हो म्हटलं तर कारखाना पुढं चालणार होता. मी पंचिंग मशीनवर कूलरच्या बाजूचा पत्रा लावला. शेकडो भोकं, एका दमात, गल्लीत ज्याला अर्धा दिवस जातो ते काम. पाहुण्यांपैकी एक बाई फोनवर चित्रीकरण करत होत्या. माझ्या कानात आवाज अडवणारे बोळे होते. मशीन टकटकत होतं.

मी सहज काचेतून बाहेर पाहिलं. समोर दादा उभा होता. हात खाली सोडून.

दादा दिवसा कधी हात सोडून उभा राहत नाही. मला त्याच क्षणी समजलं. मी डावीकडं पाहिलं. टोप्या दिसल्या, मग हिरवी चादर. पुढं चाचा होते. त्यांचा चेहरा बघून कुणाची मयत हेही कळलं. आपा बरेच दिवस आजारी होत्या.

लाल बटण माझ्या हाताजवळ होतं. ते दाबलं असतं तर मशीन जागच्या जागी थांबलं असतं, पण पत्र्याची जागा चुकली असती आणि पत्रा वाया गेला असता. पाहुण्यांसमोर. थोडीच भोकं उरली होती. मी मनात म्हटलं, होतंच आहे. बाई चित्रीकरण करत होत्या. मी बटण दाबलं नाही. मयत आमच्या काचेसमोरून गेली, लोक खांदे बदलत होते, आणि वरच्या झरोक्यांतून माझं मशीन साऱ्या गल्लीवर टकटकत होतं. दुसरा एकही आवाज गल्लीत नव्हता. पत्रा पुरा झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी काचेवर शेण होतं. मी ते स्वतः धुतलं.

आपांची फातिहा झाल्यावर चाचांच्या दुकानात गल्ली जमली आणि मला बोलावणं आलं. बसायला कुणी जागा दिली नाही. रंगकामवाला म्हणाला, “कुत्रंसुद्धा बाजूला होतं मयतीला.” दुसरा म्हणाला, “कुत्र्याला इंजिनिअरिंग कुठं शिकवलंय?”

चाचा म्हणाले, “मेरी आपा ने तेरेकू खिलाया था. तेरी माँ बीमार थी तब. मालूम है ना?”

“मालूम है, चाचा.”

“तो मशीन कैकू चालू थी?”

“ऐकू आलं नाही,” मी म्हणालो. “कानात बोळे होते. काच बंद होती. ठोके थांबल्याचं ऐकूच आलं नाही.”

शब्द न् शब्द खरा होता. खोटं त्यात शोधून सापडलं नसतं. चाचांनी विचारलं, “और दिखा भी नहीं?”

“नाही.”

कुणीतरी तोंड फिरवून थुंकलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात दादा उठला. गेल्या वर्षभरात जो माझ्याशी सरळ तोंडानं एक वाक्य बोलला नव्हता, तो दादा.

“हे बघा,” तो म्हणाला, “हा माणूस लई बेकार आहे. माझा माल यानं उचलायला लावला. त्याला तुम्ही काय पण म्हणा, मी आडवा येणार नाय. पण आमच्या बापानं आम्हाला काय शिकवलंय ते चाचाला माहितीये. मयत दिसली आणि हा थांबला नाय, असं होणार नाय. ऐकू आलं नाय म्हणतो, तर नसंल आलं. माझी जबान.”

गल्लीत जबान दिली की पुढं बोलणं नसतं. चाचांनी मान हलवली. मी खाली बघत उभा राहिलो. लोकांना वाटलं, शरमेनं.

आणि गंमत बघा, त्या जबानीनंतर गल्ली आत आली. अटी घालूनच आली. झरोके मागं वळवायचे, काचेला दार पाडून ते दिवसभर उघडं ठेवायचं, कापणं-भोकं मशीनवर पण मोडायचं चाचांच्याच मशीनवर, आणि मयत आली तर पत्रा गेला खड्ड्यात. मी सगळं मान्य केलं. चाचांनी मोडायचे साचे आणून माझ्या टेबलावर आपटले. “ले इंजिनेर. कांच पे रख.” दादानं एका कोपऱ्यात ऐरण मांडली आणि शिकाऊ मुलामुलींवर खेकसायला लागला. त्यांच्या भांडणातूनच एक चांगली गोष्ट निघाली. आमचे कूलर लांब जात नव्हते, कारण खोकं म्हणजे निम्मी हवा, जीपच्या टपावर मावणार किती? आता सगळ्या बाजू सुट्या, एकावर एक रचून न्यायच्या आणि तिथं जाऊन खिट्ट्यांनी जोडायच्या. कन्नडच्या एका दुकानदारानं जीप भरून नेल्या आणि आणखी मागितल्या. बंद झालेल्या एका दुकानाचं शटर पुन्हा उघडलं. भांडणं रोज होत होती, पण ती आता कामावरून होती.

मला मात्र दादाची जबान सहन होईना. तो ती मिरवायला लागला होता. नवा माणूस आला की सांगायचा, “लोक याला खायला उठले होते, मी म्हटलं, आमच्या बापाचं रक्त आहे.” आपांच्या चाळिसाव्याला चाचांनी मला बोलावलं, आपल्या शेजारी बसवलं. “गोश्त नक्को तो दाल खा, पर खा,” म्हणाले. माझ्यापुढं ताट वाढलं आणि मी डाळीत रोटीचा तुकडा नुसता फिरवत राहिलो. चाचांना वाटलं, आपांची आठवण आली. त्यांनी पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दादाच्या दुकानात गेलो. तो एकटाच होता, कोठीच्या झाकणाची कड वळवत होता.

“दादा, त्या दिवशी मला दिसलं होतं.”

“काय दिसलं?”

“मयत. तू हात सोडून उभा होतास, ते पण. थोडीच भोकं राहिली होती. मी बटण दाबलं नाही.”

तो ठोकतच राहिला. झाकणाची कड पुरी वळवली. मग हातोडी बाजूला ठेवली.

“हे आज कामून सांगू राहिला?”

“मला राहवेना. रात्री डोळा लागत नाही.”

“मग आता मी जागू?”

त्यानं झाकण कोठीवर बसवून पाहिलं.

“तुझ्या डोक्यावरचं उतरवून माझ्या डोक्यावर ठेवलंस. लई हलकं वाटत असंल आता.”

“मी सांगतो चाचांना. आत्ता जातो.”

“तू काय सांगशील? तू नुसतं खोटं बोललास, तसं कुणी पण बोलतं. जबान माझी होती.” तो उठला, हात फडक्याला पुसले. “सरक.”

तो समोर चाचांच्या दुकानात गेला. मी फळीपाशी उभा राहून बघत होतो. काय बोलले ते ऐकू आलं नाही. दादा उभा होता, चाचा मशीनचा दांडा धरून ऐकत होते. दादानं दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. साठीला आलेला माझा भाऊ, माझ्यासाठी, भर दुपारी. चाचांनी त्याचे हात खाली घेतले, त्याला पाणी दिलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं. पाहणं फार वेळ चाललं नाही. त्यांनी शटर निम्मं ओढून घेतलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीनं काचघरातून आपलं सामान नेलं. दादाची ऐरण, रंगकामवाल्याचा पंप, चाचांचे साचे. शिव्या नाहीत, टोमणेही नाहीत. मला शिव्या हव्या होत्या. चाचा शेवटचा साचा उचलताना फक्त एवढंच म्हणाले, “मैं तेरेकू आपा के चालीसवें में बाजू में बिठाया.” मी “चाचा” म्हणेपर्यंत ते बाहेर पडले होते.

संस्थेनं थोडे दिवस वाट पाहिली. मी त्यांना कारण सांगितलं तेव्हा समोरचा माणूस म्हणाला, “एवढ्याशा गोष्टीवरून?” त्याच्यावर मी जेवढा ओरडलो तेवढा जन्मात कुणावर ओरडलो नसेन. त्याचा उपयोग काही झाला नाही. मशीन औद्योगिक वसाहतीत हलवलं. कन्नडचा दुकानदार तयार कूलर घ्यायला लागला. उघडलेलं ते शटर परत बंद झालं. गोदामात आता प्लास्टिकचे कूलर थप्प्या लावून ठेवलेले असतात. काच तशीच आहे.

मला पुष्कळांनी सांगितलं की गप्प राहिला असतास तर बरं झालं असतं. बायको अजून म्हणते. गल्ली जगली असती, दादाचा मान राहिला असता, आणि एकट्या मला झोप आली नसती. हा हिशेब मी रोज करतो आणि तो रोज त्यांच्याच बाजूनं सुटतो. मी सांगितलं ते चाचांसाठी नव्हतं, आपांसाठी तर नव्हतंच. दादा म्हणाला ते बरोबर होतं, मला हलकं व्हायचं होतं. झालो मात्र नाही.

तरी मी जातो. आठवड्यातून एकदोनदा सिडकोतून रिक्षानं शहागंजला उतरतो आणि दादाच्या दुकानाबाहेर फळीवर बसतो. तो बोलत नाही. गिऱ्हाइकाला म्हणतो, “त्यांना सांगा, जरा वाटेतून सरका.” ‘तो’चा ‘ते’ झालाय, परक्याला म्हणतात तसा. मी सरकतो.

परवा तिथंच बसलो होतो. गल्लीच्या टोकाला ठोके कमी झाले. मग अलीकडच्या दुकानातले. चाचांच्या मशीनचा दांडा थांबला. माझ्या मागं दादानं हातोडी ऐरणीवर ठेवली, तिचा बारीकसा आवाज आला. कुणीतरी हिंदू म्हातारा होता, पुढं मडकं धरलेला मुलगा होता, दौलताबादकडचे नातेवाईक जीपमधून उतरून मागून चालत होते. सगळी गल्ली रिकाम्या हातानं दुकानांपुढं उभी राहिली. मीही उभा राहिलो. दादा दोन पावलं पुढं जाऊन खांदा देऊन आला. येताना माझ्या हातांकडं त्याची नजर गेली.

खाली ठेवायला माझ्या हातात काहीच नव्हतं.